नॉरिजमधले पंधरा दिवस आणि एक हरवलेला 'एस'

लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनात तिकीट खिडकीशी उभं राहून मी म्हटलं, "वन टिकेट टु नॉर्विच, प्लीज." पलीकडच्या गृहस्थांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "नॉरिज?" बावीस वर्षं इंग्रजी शिकवते आहे. आणि जिथे इंग्रजी शिकवण्याचं प्रशिक्षण घ्यायला निघाले होते, त्या गावाच्या नावातच अडखळले. मधला डब्ल्यू मुका!

खिडकीवर जायची वेळ आली तीही माझ्याच कंजूषपणामुळे. महिनाभर आधी 'अ‍ॅडव्हान्स' प्रकारचं स्वस्त तिकीट काढून ठेवलं होतं. हे तिकीट फक्त ठरलेल्या गाडीलाच चालतं. विमान उशिरा उतरलं, हीथ्रोवर पासपोर्ट तपासणीच्या रांगेत दीड तास गेला आणि गाडी निघून गेली. तिकीट वाया, वर नवीन तिकिटाचे पैसे. तेव्हा पहिला सल्ला हाच: विमानतळावरून निघायच्या दिवशी 'ऑफ-पीक' तिकीट काढा. थोडं महाग पडतं, पण गर्दीच्या वेळा सोडून त्या दिवशीच्या कुठल्याही गाडीत बसता येतं. परतीच्या तिकिटालाही हाच नियम लावा. हीथ्रोहून लिव्हरपूल स्ट्रीटला एलिझाबेथ लाइन थेट नेते, बॅगा घेऊन गाडी बदलावी लागत नाही. तिथून नॉरिज साधारण दोन तास.

नावांचा घोळ मात्र तिथेच संपला नाही. नॉरिज ज्या नॉरफोक परगण्यात आहे, तिथल्या पाट्या म्हणजे इंग्रजीच्या मास्तरांची परीक्षा घेण्यासाठीच लावल्यासारख्या. मी बसमध्ये अक्षरं जुळवून 'वायमाँडहॅम' म्हटलं, चालक म्हणाला, "विंडम, माय लव्ह." 'हॅपिसबर्ग' दिसतं, म्हणतात 'हेझब्रा'. 'कॉस्टेसी'ची होते 'कॉसी'. स्पेलिंग पाठ होत नाही म्हणून मुलांना जे बोलले असेन, ते सगळं त्या बसमध्ये आठवलं.

आता कोर्सविषयी. शोधायला लागलात की सगळीकडे 'सेल्टा' दिसेल. किमान १२० तासांचा आणि प्रत्यक्ष सहा तास वर्ग घ्यायला लावणारा तो कोर्स चांगलाच आहे, पण तो मुळात नव्याने या व्यवसायात येणाऱ्यांसाठी आहे. दहा-वीस वर्षं खडू हातात धरलेल्यांसाठी उन्हाळ्यात दोन-दोन आठवड्यांचे वेगळे कोर्स असतात. मी तसा घेतला. संस्था निवडताना ती ब्रिटिश कौन्सिलच्या मान्यतेच्या यादीत आहे ना, एवढं आधी बघा. मान्यताप्राप्त संस्थेत सहा महिन्यांपर्यंतचं शिक्षण स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसावर घेता येतं, त्यासाठी विद्यार्थी व्हिसाच्या भानगडीत पडावं लागत नाही. संस्थेच्या पत्रात कोर्सच्या तारखा, आठवड्याचे तास आणि फी भरल्याचा उल्लेख हवा. शाळेच्या पत्रात रजा मंजूर असल्याचं आणि रुजू व्हायची तारीख लिहून घ्या. मुख्याध्यापकांनी पहिल्यांदा दिलेल्या पत्रात माझ्या स्वभावाचं कौतुक होतं, रजेबद्दल अवाक्षर नव्हतं. आणि व्हिसा हातात पडेपर्यंत परत न मिळणारं विमानाचं तिकीट काढू नका.

राहायला मी वसतिगृहाऐवजी एका घरी सोय घेतली. हा निर्णय सर्वांत चांगला ठरला, पहिल्या संध्याकाळचा अपवाद सोडून. घरमालकीण बाई सत्तरीच्या. सकाळी निघताना म्हणाल्या, "टी इज अ‍ॅट सिक्स." मला वाटलं, सहाला चहा. म्हणून येता येता बाजारात पोटभर खाऊन आले. घरी टेबलावर उकडलेले बटाटे, वाटाणे, चीज भरून भट्टीत भाजलेला मोठा 'पाय' नावाचा पदार्थ आणि त्यावर गोड पुडिंग. इंग्लंडातल्या कितीतरी घरांत संध्याकाळच्या जेवणालाच 'टी' म्हणतात. हे मी कुठेतरी वाचलेलंही होतं. वाचलेलं वेळेवर आठवत नाही, हे आपण मुलांना सांगतो त्यातलंच. शाकाहारी असाल तर नुसतं 'व्हेजिटेरियन' सांगून थांबू नका. 'नो मीट, नो फिश' असं दोन्ही स्पष्ट लिहून कळवा, कारण मासा चालत असेल असं गृहीत धरणारी घरं आहेत. नळाचं पाणी पिता येतं. प्लगच्या तीन पिना चौकोनी असतात, विजेचा दाब २३० व्होल्टच असल्यामुळे साधा अ‍ॅडॉप्टर पुरतो. जुलैत रात्री नऊनंतर सूर्य मावळतो आणि पहाटे पाचच्या आत उगवतो, म्हणून झोपताना डोळ्यांवर बांधायची पट्टी न्या. मी ओढणी बांधून झोपत होते.

आम्ही वर्गात चौदा जण होतो. ब्राझील, स्पेन, कझाकस्तान, जपान, इथिओपिया, आणि मी. तिसऱ्या दिवशी सराव पाठ. वीस मिनिटं, विद्यार्थी म्हणजे बाकीचे तेरा शिक्षक. टाचण रात्री बारापर्यंत जागून लिहिलेलं. पाठ झकास झाला असं मला वाटत होतं. प्रशिक्षक बाईंनी शेरा वगैरे दिला नाही, फक्त एक कागद पुढे सरकवला. त्यावर वीस चौकोन, एका मिनिटाला एक. मी बोलत होते ते चौकोन त्यांनी पेन्सिलीने काळे केले होते. चौदा काळे. उरलेल्या सहांपैकी दोनांत मी फळ्यावर लिहीत होते, म्हणजे मुलांच्या वाट्याला आली चार मिनिटं. तीही तेरा जणांत.

त्या कागदाने मला जे शिकवलं ते बाकी दोन आठवड्यांत कशाने शिकवलं नाही. गप्प बसणं फार अवघड आहे हो. प्रश्न विचारल्यावर तीन सेकंदांत उत्तर आलं नाही की माझ्या तोंडून आपोआप पुढचं वाक्य येतं. बाई म्हणाल्या, मनात दहा अंक मोज. सातपर्यंत जाईपर्यंत घाम फुटला, आणि आठव्याला जपानच्या शिक्षिकेने, जिचा आवाज आम्ही तीन दिवस ऐकला नव्हता, संपूर्ण वाक्यात उत्तर दिलं.

दुसरी गोष्ट, 'डू यू अंडरस्टँड?' हा प्रश्न तिथे बाद. त्याला 'येस'शिवाय दुसरं उत्तर येत नाही. त्याऐवजी सूचना तपासायच्या: लिहायचं आहे की बोलायचं? एकट्याने की जोडीने? किती मिनिटं? सोपं वाटतं, पण पहिल्यांदा करून बघाल तेव्हा आपल्याच सूचना किती गोंधळाच्या होत्या ते कळतं. लांब वाक्य म्हणून घ्यायचं तर शेवटापासून सुरुवात: आधी शेवटचे दोन शब्द, मग त्याआधीचे दोन जोडून, असं मागून पुढे. चाल आणि आघात बिघडत नाहीत. आणि पळतं श्रुतलेखन! उतारा बाहेर भिंतीला चिकटवायचा, जोडीतल्या एकाने पळत जाऊन वाचायचा, लक्षात ठेवायचा, परत येऊन दुसऱ्याला सांगायचा आणि त्याने लिहायचं. कझाकस्तानचे पन्नाशीचे सर स्वल्पविराम विसरले म्हणून चौथ्यांदा धावले. गेल्या गेल्या बूट सपाट घ्या, एवढंच सांगते.

आता खरी अडचण. हे सगळं चौदा जणांच्या, हलत्या खुर्च्यांच्या वर्गात. माझ्या वर्गात साठ मुलं आणि जमिनीला ठोकलेले बाक. मी प्रशिक्षक बाईंना विचारलं, तर त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की वीस-बावीसच्या वर शिकवलेलं नाही. उत्तर मिळालं इथिओपियाच्या सरांकडून, चहाच्या सुट्टीत. त्यांच्याकडे सत्तर मुलं. ते विषम क्रमांकाच्या बाकांवरच्या मुलांना मागे वळायला लावतात, एका झटक्यात चौघांचे गट होतात, कोणी जागचं हलत नाही. पळत्या श्रुतलेखनात ते फक्त कडेच्या मुलांना पळवतात आणि उताऱ्याच्या चार प्रती चार भिंतींना लावतात. त्यांनी वहीत काढून दिलेलं चित्र माझ्याकडे अजून आहे. म्हणून सांगते, जाताना स्वतःच्या वर्गाचे दोन-तीन फोटो आणि शिकवत असलेलं पाठ्यपुस्तक न्या. पहिल्याच दिवशी मोठे वर्ग असलेले शिक्षक कोण ते हुडकून काढा आणि त्यांच्याच टेबलाशी बसा.

आणि तो हरवलेला 'एस'. घरमालकीण बाई शेजारणीबद्दल सांगत होत्या, "शी गो देअर एव्हरी सॅटर्डे." 'गोज' नाही, 'गो'. मला वाटलं ऐकायला चुकलं. मग "ही से" आलं, "इट टेक टाइम" आलं. त्याच एका 'एस'साठी मी आजवर किती पेपरांवर लाल वर्तुळं काढली असतील! दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं तेव्हा कळलं, ही नॉरफोकच्या बोलीची ओळखीची खूण आहे. पीटर ट्रडगिल हे भाषाशास्त्रज्ञ याच गावचे, आणि त्यांनी १९७०च्या दशकात नॉरिजच्या बोलण्याचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात हा 'एस' कोणत्या वर्गातले लोक किती वेळा गाळतात याचं मोजमाप आहे. तो अभ्यास आज जगभरच्या समाजभाषाशास्त्राच्या वर्गांत शिकवला जातो. परीक्षेत मी अजूनही तो अर्धा गुण कापते, नाइलाज आहे. पण 'चूक' म्हणण्याऐवजी 'पेपरात चालत नाही' म्हणते.

फिरायला एक रविवार पुरतो. १०९६ साली काम सुरू झालेलं कॅथेड्रल, ९६ मीटर उंच शिखराचं. पट्ट्यापट्ट्यांच्या छपरांचा नऊशे वर्षांचा बाजार. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बने पडलेलं आणि पुन्हा बांधलेलं सेंट ज्युलियनचं इवलंसं चर्च मात्र चुकवू नका. इंग्रजीत पुस्तक लिहिणारी आपल्याला माहीत असलेली पहिली स्त्री, ज्युलियन ऑफ नॉरिज, चौदाव्या शतकात इथे एका खोलीत स्वतःला कोंडून राहिली होती. मी तिथे अर्धा तास बसले, एकटीच. २०१२मध्ये युनेस्कोने नॉरिजला साहित्यनगरी म्हणून निवडलं, आणि नोबेल विजेते कादंबरीकार काझुओ इशिगुरो इथल्याच विद्यापीठात सर्जनशील लेखन शिकले.

जुन्या पुस्तकांसाठी धर्मादाय दुकानं, म्हणजे लोकांनी दान केलेल्या वस्तू विकणारी दुकानं, धुंडाळा. मुलांची सोपी वाचनाची पुस्तकं अगदी थोड्या पौंडांत मिळतात. फक्त बॅगेचं वजन घरीच काट्यावर बघा. मी विमानतळावर जमिनीवर बसून स्वेटर अंगावर चढवले आणि सहा पुस्तकं कोटाच्या खिशांत कोंबली.

शेवटचं, निघायच्या आदल्या दिवशी प्रमाणपत्र नीट वाचा. त्यावर कोर्सचे एकूण तास आकड्यांत छापलेले हवेत. माझ्यावर नुसतं 'दोन आठवडे' आहे, आणि कार्यालयाला तास हवे आहेत. चार मेल झाले, पाचवा कालच पाठवला.