बकरी कोणाची?

मी आर्वी तालुक्यात जनावरांच्या दवाखान्यात आहे. पद पशुधन पर्यवेक्षकाचं, पण गावात सगळे डॉक्टरच म्हणतात, आधी मी दुरुस्त करत होतो, आता नाही करत. तर २१ वी पशुगणना लागली तेव्हाची ही गोष्ट. ही गणना पहिल्यांदा १९१९ साली झाली होती म्हणे, दर पाच वर्षांनी व्हायला पाहिजे, यावेळी मोबाईलवर ॲप होतं. घरोघरी जायचं, गोठा पाहायचा, भरायचं.

आता यादी साऱ्या देशासाठी एकच. गाय, म्हैस, बकरी ठीक आहे, पण तिच्यात हत्ती, उंट, याक, मिथुन, अन् कोंबड्या-बदकांच्या रांगेत शहामृग अन् इमू. मिथुन म्हणजे तिकडचं गव्यासारखं जनावर, अरुणाचलवाल्यांना ते लागतं म्हणून आम्हीही कपाशीच्या पऱ्हाट्या ओलांडत जाऊन लोकांना मिथुन आहे का विचारायचं. एका पोराला वाटलं मी त्याच्या दोस्ताबद्दल विचारून राहिलो, म्हणे "तो पुण्याले गेला ना कंपनीत."

इमूचं मात्र हसण्यावारी नेता येत नाही. पंधराएक वर्षांआधी इमू पाळायची लाट आली होती, अंडं हजारात विकते, तेल लाखात जाते म्हणून लोकांनी कर्ज काढून जोड्या घेतल्या अन् मग विकत घ्यायला कोणी नाही. एका दारात मी नुसतं "इमू?" म्हटलं, घरमालक चहाचा कप तसाच ठेवून उठून गेला. त्याची बायको हळूच म्हणे, "त्याइचं नाव नका घेऊ भाऊ, जेवन नाही करत मंग ते."

त्या दिवशी ज्या गावात होतो तिथं सकाळपासून भलताच प्रकार. दारोदारी एकच उत्तर, जनावर नाही. नाही म्हणजे काहीच नाही. अंगणात ताज्या लेंड्या, खाटेच्या पायाला दावं, दुधाची गाडी कॅन भरून आत्ताच गेलेली, अन् गावात जनावर नाही! एका म्हातारीच्या घरी तर आतल्या खोलीतून चक्क में में ऐकू आलं. मी पाहिलं तिच्याकडे, ती तुरीच्या शेंगा सोलत होती, मान वर न करता म्हणे, "नातू हाय. खोकलते."

मग कळलं की आदल्या रात्री कोणीतरी उठवून दिलं होतं, बकरीमागं टॅक्स बसणार, पिवळं रेशन कार्ड केशरी होणार अन् लाडक्या बहिणीचे पंधराशेही बंद होणार. अर्धं गाव पहाटेच बकऱ्या नाल्याकडे हाकून मोकळं.

दुपारी मी पानठेल्यावर जरा टेकलो. तिथं कोणाला तरी लम्पी आठवला, गाई-बैलांचा तो अंगावर गाठी येणारा रोग. २०२२ ला लम्पीनं जनावरं मेली तेव्हा सरकारनं गाईचे ३० हजार, बैलाचे २५ अन् वासराचे १६ हजार दिले होते, हे खरंच आहे. आता लम्पीचा अन् बकरीचा काही संबंध नाही, पण अफवेला तेवढं पुरे झालं. अर्ध्या तासात गावभर झालं की ज्याच्या बकऱ्या जास्त त्याला अनुदान.

अन् मग बकऱ्या सुरू झाल्या. सकाळी "नाही" लिहून घेतलेल्या घरचे लोक मला रस्त्यात अडवून परत नेऊन राहिले. एका घरी काळी बकरी लिहिली, डावं शिंग मोडकं, कानात विम्याच्या वेळी मारलेला पिवळा बिल्ला. दोन घरं सोडून पुढं गेलो तर तिथंही काळी, डावं शिंग मोडकं, फक्त आता धापा टाकून राहिली होती, मागच्या बोळीतून ओढत आणली असेल बिचारीला. मी बिल्ल्यावरच्या बारा आकड्यांतले शेवटचे चार पाठ करून ठेवले अन् काही बोललो नाही, पाहू म्हटलं कुठवर जाते.

तिसऱ्या घरी बकरीच्या डोक्याला ओढणी गुंडाळलेली!

"हे काय व वहिनी?"

"कान दुखते तिचा."

मी ओढणी सोडली, तेच चार आकडे. वहिनी म्हणे, "जुळी हाय साहेब, त्या घरची अन् हे." म्हटलं बिल्लाही जुळाच झाला का? तेवढ्यात तिचं पोरगं पळत आलं, "आई, लवकर सोड, काकू मागून राह्यली बकरी, साहेब आता तिकडेच जाते म्हने!" वहिनीनं त्याच्याकडे जे पाहिलं, मी तर हसता हसता ओट्यावरच बसलो, मग तीही हसली अन् चहा ठेवला.

शेवटी बिल्ल्याचा नंबर मोबाईलवर टाकून पाहिला तर मालक या तिघांपैकी कोणीच नाही. बकरी त्या तूर सोलणाऱ्या म्हातारीची. मी दावं धरून तिच्या दारात गेलो, म्हटलं आजी, घ्या तुमचा नातू, तुमच्या नावावर लिहू का आता?

तिनं बकरीकडे पाहिलं, मोबाईलकडे पाहिलं, अन् सूप बाजूला ठेवून म्हणे, "आदी हे सांग बाप्पा, आता टॅक्सचं चालू हाय का अनुदानाचं?"