न्यू जर्सीत कूपनं आणि दुकानांची कार्डं वापरून खर्च कमी करताना : माझा अनुभव

तूरडाळ, पोहे, साबुदाणा, हिंग यांच्यावर कूपन निघत नाही. ते पटेल ब्रदर्समधून किंवा ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानांतून आणायचं आणि भाव बघून घ्यायचं, एवढंच हातात असतं. कूपनांचा खरा उपयोग कपड्यांचा डिटर्जंट, भांड्यांचा साबण, टूथपेस्ट, शाम्पू, डायपर, पेपर टॉवेल, सर्दी-डोकेदुखीच्या गोळ्या, सकाळचं सीरियल अशा सामानाला. मी याची वेगळी यादी ठेवते आणि प्रत्येक वस्तूपुढे तिचा आजवरचा कमीत कमी भाव लिहून ठेवते, तोही नगावर नाही तर औंसावर. न्यू जर्सीत मोठ्या दुकानांना शेल्फवरच्या लेबलावर प्रति-एकक दर छापावा लागतो, त्यामुळे भागाकार करत बसायची गरज नसते. यादीत नसलेली वस्तू अर्ध्या किमतीत दिसली तरी मी उचलत नाही. कार्डं आणि कूपनं काढलेलीच त्यासाठी असतात, की आपण यादी सोडावी.

कूपनमागचे पैसे कोण देतो हे कळलं की बहुतेक नियम आपोआप कळतात. कंपनीचं कूपन असेल तर दुकानाला ती रक्कम कंपनीकडून परत मिळते. म्हणून एका वस्तूवर कंपनीचं एकच कूपन चालतं. मग ते कागदी असो वा ॲपमधलं. दुकानाचं स्वतःचं कूपन म्हणजे दुकानाने आपल्या खिशातून दिलेली सूट. ती कंपनीच्या कूपनाबरोबर त्याच वस्तूवर लागू शकते. तिसरा प्रकार बक्षिसाचा: आज पूर्ण पैसे भरा, थोडे पुढच्या खरेदीत वळते करू. सीव्हीएस या औषध-दुकानांच्या साखळीत त्याला एक्स्ट्राबक्स म्हणतात. पहिले दोन प्रकार बिलातून तिथल्या तिथे वजा होतात. तिसरा अजून आपला झालेला नसतो, आणि सगळी गफलत इथेच होते.

आकड्यांत सांगते. सीव्हीएसचा आठवडा रविवारी सुरू होऊन शनिवारी संपतो. समजा, या आठवड्याच्या जाहिरातीत ‘२० डॉलरच्या खरेदीवर ५ डॉलर एक्स्ट्राबक्स’ अशी ऑफर आहे. डिटर्जंटच्या ७ डॉलरच्या दोन बाटल्या आणि साडेतीन डॉलरच्या दोन टूथपेस्ट घेतल्या, एकूण २१ डॉलर. माझ्याकडे दुकानाचं ‘२० वर ४ डॉलर सूट’ असं कूपन आहे, डिटर्जंटवर कंपनीची २-२ डॉलरची दोन कूपनं (एक ॲपमध्ये, एक वर्तमानपत्रातलं) आणि एका टूथपेस्टवर १ डॉलरचं. २१ मधून ४ गेले, १७ राहिले. मग २, २ आणि १ गेले, १२ राहिले.

आता कर. न्यू जर्सीचा विक्रीकर ६.६२५ टक्के. दुकानाने दिलेल्या सुटीवर कर लागत नाही, पण कंपनीच्या कूपनाची रक्कम दुकानाला मिळणारच असते, म्हणून तिच्यावर लागतो. कर १२ वर नाही, १७ वर: १ डॉलर १३ सेंट. काउंटरवर १३.१३ डॉलर द्यायचे. कूपनाशिवाय हेच सामान २२.३९ ला पडलं असतं. शिवाय ५ डॉलरचे एक्स्ट्राबक्स मिळाले. पण माझ्या वहीत मी १३.१३ च लिहिते, ८.१३ नाही. ते ५ डॉलर ज्या दिवशी यादीतल्या वस्तूवर खर्च होतील, त्या दिवशीच्या बिलातून वजा करते. ‘मला हे आठ डॉलरला पडलं’ असं म्हणणाऱ्यांच्या पाकिटात बरेचदा मुदत संपलेल्या पावत्या सापडतात.

करावरून आठवलं: शिजवलेलं नसलेलं बहुतेक अन्न, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळणारी औषधं, टॉयलेट पेपर, पेपर टॉवेल, डायपर यांच्यावर न्यू जर्सीत विक्रीकर नाही. साबण, शाम्पू, टूथपेस्ट, डिटर्जंटवर आहे. दुसऱ्या राज्यात राहत असाल तर तिथली यादी निराळी असेल.

काउंटरवर क्रम पाळलेला बरा. आधी दुकानाचं कार्ड किंवा त्याला जोडलेला फोन नंबर, मग ‘इतक्यावर इतकी सूट’ असलेलं दुकानाचं कूपन, मग कंपनीची कूपनं, सर्वांत शेवटी आधीचे एक्स्ट्राबक्स. सीव्हीएसमध्ये २० ची मर्यादा कंपनीची कूपनं वजा होण्याआधीच्या रकमेवर मोजतात, तरीही मोठं कूपन आधी दिलं की मर्यादा भरली का नाही यावर घोळ होत नाही. मर्यादा सेलच्या किमतीवर मोजली जाते, मूळ छापील किमतीवर नाही. २० च्या ऑफरसाठी मी वीस-एकवीसच्या आसपास थांबते. २७ डॉलरचं सामान घेतलं तरी बक्षीस ५ चंच मिळतं.

कूपन ‘बीप’ करून नाकारलं जाण्याची कारणं ठरलेली आहेत. सर्वांत नेहमीचं म्हणजे आकार: कूपनवर ‘ट्रायल किंवा ट्रॅव्हल साइज वगळून’ किंवा ‘इतके औंस आणि वर’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. कूपनवरचा फोटो बघून वस्तू उचलू नये. फोटो बहुधा महागातल्या वस्तूचा असतो, लागू असतो तो मजकूर. मजकुरात ‘कोणतीही’ असेल तर फोटोत नसलेली छोटी, स्वस्त बाटलीही चालते, आणि बरेचदा फायद्याची तीच. दुसरं कारण संख्या: दोन वस्तूंवरचं कूपन एका वस्तूवर चालत नाही. तिसरं थोडं छुपं आहे. ॲपमध्ये तेच कूपन आधी क्लिप केलेलं (म्हणजे कार्डावर चढवलेलं) असलं तर फोन नंबर टाकताच मशीन ते लावून टाकतं, आणि हातातलं कागदी कूपन त्याच वस्तूवर दुसरं ठरून नाकारलं जातं. माझ्या हिशोबात डिटर्जंट दोन होते ते याचसाठी: एकावर ॲपमधलं, दुसऱ्यावर कागदी. डिजिटल कूपन सहसा एकदाच चालतं, हे गृहीत धरावं.

पैसे भरण्यापूर्वी स्क्रीनवर कूपनांची यादी वाचते. एखादं लागलेलं नसलं तर तेव्हाच विचारायचं; पैसे भरल्यानंतर ते दुरुस्त करायला परत-घेऊन-पुन्हा-विक्री असा खटाटोप होतो आणि मागे रांग ताटकळते. म्हणून कूपनांची खरेदी मी संध्याकाळच्या गर्दीत करत नाही.

एक्स्ट्राबक्स पावतीच्या शेवटी छापून येतात (सीव्हीएसच्या हातभर लांब पावत्यांवर अमेरिकेत विनोद होतात, ते उगीच नाही) किंवा थेट कार्डावर जमा होतात. मी कार्डावरच घेते, कागद हरवतो. ज्या बिलावर मिळाले त्याच बिलात ते वापरता येत नाहीत. म्हणून एकाच फेरीत दोन ऑफर असतील तर दोन बिलं करते: पहिल्याचे एक्स्ट्राबक्स दुसऱ्यात जातात. बक्षीस देणाऱ्या ऑफरवर बक्षीसच खर्च करत राहणं ही या खेळातली मुख्य चाल, आणि ती दोन-तीन आठवडे चालली तर खिशातून फार कमी रोकड जाते. सुटे परत मिळत नाहीत, हे मात्र लक्षात ठेवायचं. ५ डॉलरच्या एक्स्ट्राबक्सवर ४.२० चं सामान घेतलं तर ८० सेंट गेले. चिठ्ठीची औषधं, दारू, गिफ्ट कार्ड, लॉटरी, पोस्टाची तिकिटं यांच्यासाठी ते चालत नाहीत. प्रत्येकावर मुदतीची तारीख असते; ती मी फोनच्या कॅलेंडरमध्ये तीन दिवस आधीची टाकते.

याशिवाय साध्या खरेदीवर सीव्हीएस २ टक्के परत देतं. वॉलग्रीन्स या दुसऱ्या साखळीत तोच आकडा १ टक्का, त्यांच्या स्वतःच्या ब्रँडवर ५ टक्के. या टक्क्यांकडे बघून दुकान निवडू नये. औषधांच्या दुकानातला डिटर्जंटचा साधा भाव सुपरमार्केटपेक्षा दोन-अडीच डॉलरने जास्त असणं नेहमीचं आहे, आणि २ टक्क्यांनी तो फरक भरून निघत नाही. ऑफर आणि कूपन दोन्ही जुळलं तरच या दुकानांत जायचं.

पैसे भरून घ्यायचं सभासदत्वही आहे. सीव्हीएसचं एक्स्ट्राकेअर प्लस महिन्याला ५ डॉलर किंवा वर्षाला ४८, आणि बदल्यात दर महिन्याला १० डॉलरचं बक्षीस. कागदावर वर्षाला १२० मिळून ४८ जातात. पण महिन्याचं बक्षीस त्या-त्या मुदतीत वापरावं लागतं. पाच महिने वापरलं तर ५० मिळाले, म्हणजे जेमतेम बरोबरी. दर महिन्याला तिथे जायचं दुसरं कारण असेल, नेहमीची औषधं घ्यायची असतील, तर घ्यावं. नुसतं बक्षीस उचलायला गाडी काढणार असाल तर सोडून द्या.

बक्षिसं आणि पॉइंट साठवून ठेवू नयेत याला आणखी एक कारण आहे. राइट एड या औषध-दुकानांच्या साखळीने २०२३ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, आणि २०२५ संपण्याआधी त्यांची उरलेली सगळी दुकानं बंद झाली. गिफ्ट कार्डं घेणं तर त्याआधीच थांबलं होतं. कार्डावरचे पॉइंट म्हणजे वाण्याकडे राहिलेले सुटे पैसे. वाण्याने दुकान बंद केलं की मागायचे कुणाकडे?

किराण्यासाठी मी शॉपराइट हे सुपरमार्केट धरते. तिथलं प्राइस प्लस कार्ड फुकट आहे आणि त्याशिवाय सेलची किंमत लागतच नाही, म्हणून ते सवलतीपेक्षा प्रवेशपत्र जास्त. डिजिटल कूपनं आधी कार्डावर चढवावी लागतात. दुकानात नेटवर्क मिळेलच असं नाही, घरूनच चढवून निघावं. जानेवारीतला ‘कॅन कॅन’ सेल आपल्या स्वयंपाकाला खरा उपयोगी: डबाबंद काबुली चणे, राजमा, टोमॅटो वर्षभराच्या हिशोबाने घेता येतात. ‘१० घ्या’ अशी पाटी असली तरी दहाच घ्यायलाच हवेत का, ते लेबलवर वाचावं. पुष्कळदा एकावरही तोच दर मिळतो. ‘मस्ट बाय’ लिहिलेलं असेल तरच संख्या सक्तीची.

नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या आधी ठरावीक काळात कार्डावर ४०० डॉलरची खरेदी झाली की टर्की (त्या सणाला शिजवतात तो पक्षी) फुकट, ही त्यांची जुनी योजना. शाकाहारी घरांनी ती सोडून द्यायची गरज नाही, टर्कीच्या जागी लझान्या किंवा टोफर्की (टोफूची, टर्कीच्या जागी खायची) असे पर्याय असतात. चारशेची बेरीज पावतीवर दिसत राहते. गिफ्ट कार्ड, औषधं वगैरे त्यात धरत नाहीत.

सेलमधली वस्तू संपली असेल तर ज्या दुकानात रेनचेक (माल आल्यावर सेलच्याच किमतीत देण्याची लेखी हमी) मिळतो तिथे तो मागून घ्यावा. सेलची किंमत टिकते, पण कूपनाची मुदत टिकत नाही. तेव्हा लांबच्या मुदतीचं कूपन रेनचेकसाठी राखून जवळच्या मुदतीचं दुसरीकडे वापरते.

चिठ्ठीच्या औषधांचा हिशोब पूर्णपणे वेगळा. इथे दुकानाची कूपनं चालत नाहीत. चालतात ती गुडआरएक्ससारखी सवलत कार्डं. ती विम्याबरोबर लावता येत नाहीत, विम्याऐवजी लावायची असतात. म्हणून फार्मसीत मी दोन्ही भाव विचारते: विम्याचा को-पे (विमा असूनही आपण भरायचा वाटा) किती आणि कार्डाचा भाव किती. जुन्या जेनेरिक औषधांत कार्डाचा भाव कमी निघणं अजिबात दुर्मीळ नाही. फार्मासिस्टला कार्डावरचे बिन, पीसीएन, ग्रुप आणि मेंबर आयडी हे चार आकडे लागतात, फोनचा स्क्रीन दाखवला तरी पुरतं. त्याच औषधाचा कार्डावरचा भाव दुकानागणिक बदलतो, तेव्हा डॉक्टरने चिठ्ठी पाठवण्याआधीच दुकान ठरवावं. असे भरलेले पैसे सहसा विम्याच्या डिडक्टिबलमध्ये (विमा पैसे देऊ लागण्याआधी वर्षभरात आपण भरायची रक्कम) धरले जात नाहीत. वर्षभरात मोठी शस्त्रक्रिया ठरलेली असेल तर विम्यातून घेणंच बरं. औषध कंपन्यांची को-पे कार्डं मेडिकेअर किंवा मेडिकेड (ज्येष्ठांचा आणि कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी विमा) असलेल्यांना चालत नाहीत, तशी कायद्यानेच बंदी आहे.

आणि हा सगळा प्रकार उपयोगी पडतो तो भारतातून आई-बाबा किंवा सासू-सासरे सहा महिन्यांसाठी येतात तेव्हा. येताना स्वतःपुरती साधारण ९० दिवसांची औषधं आणता येतात, मूळ पाकिटांत आणि डॉक्टरच्या चिठ्ठीसह. उरलेल्या तीन महिन्यांचं इथे बघावं लागतं, आणि भारतातली चिठ्ठी इथल्या फार्मसीत चालत नाही. मधुमेहाचं मेटफॉर्मिन, रक्तदाबाच्या गोळ्या अशी साधी जेनेरिक असतील तर अर्जंट केअरमध्ये (अपॉइंटमेंटशिवाय तपासणारं क्लिनिक) एक भेट घ्यावी, भारतातल्या चिठ्ठीवरची औषधांची मूळ नावं आणि मिलिग्रॅम लिहून न्यावेत, आणि चिठ्ठी ३० ऐवजी ९० दिवसांची मागावी. वॉलमार्टच्या फार्मसीत स्वस्त जेनेरिकची एक यादी असते; त्यातली बरीच औषधं विम्याशिवाय, कार्डाशिवाय ३० दिवसांना ४ डॉलर आणि ९० दिवसांना १० डॉलरला मिळतात, आणि मेटफॉर्मिन त्या यादीत आहे. यादीत नसलेल्या गोळीसाठी गुडआरएक्सवर औषधाचं नाव, मात्रा, गोळ्यांची संख्या आणि आपला पिनकोड टाकून आजूबाजूच्या चार-पाच दुकानांचे भाव बघायचे, आणि सर्वांत स्वस्त दुकानाचं नाव व पत्ता डॉक्टरकडे जातानाच सोबत न्यायचा.