बेटावरून निघाली, बेटांवर पोचली

काही वनस्पतींना नाव देताना मराठीने नावेच ठेवली आहेत आणि रानमोडी ही त्यांतलीच एक. रान मोडणारी ती रानमोडी. शास्त्रीय परिभाषेत तिला क्रोमोलेना ओडोराटा म्हणतात आणि इंग्रजीत ती ‘सयाम वीड’ म्हणून ओळखली जाते. सयाम म्हणजे आजचा थायलंड. पण या तणाचे माहेर तिथे नाही. ते अमेरिका खंडात आहे, उत्तरेला फ्लोरिडा आणि मेक्सिकोपासून दक्षिणेला अर्जेंटिनाच्या उत्तर भागापर्यंत, आणि मधल्या कॅरिबियन बेटांवर. इंग्रजी नावाने भलत्याच देशावर आळ घेतला. आपल्या नावाने गुन्हा तेवढा सांगितला, गाव सांगितले नाही. मला आपले नाव अधिक प्रामाणिक वाटते.

मला या वनस्पतीचा नाद लागला तो तिच्या पानामुळे. पान साधारण त्रिकोणी, कडेने दातेरी, आणि देठाजवळून निघणाऱ्या तीन ठळक शिरा त्रिशूळासारख्या दिसणाऱ्या. ते चुरगळले की असा उग्र दर्प येतो, की एकदा ओळख पटल्यावर पुन्हा चूक होत नाही. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५९ मध्ये तिला नाव देताना ‘ओडोराटा’ म्हणजे गंध असलेली असे म्हटले, ते सौजन्यच म्हणायचे. दिवस लहान होऊ लागले की शेंड्यांवर फिकट जांभळ्या किंवा पांढरट, नळीसारख्या बारीक फुलांचे झुबके येतात. त्यामागून येणारे बी जेमतेम ४ ते ५ मिलिमीटर लांब असते; डोक्यावर केसांचा तुरा आणि कडांना बारीक कुसे. तुरा वाऱ्यासाठी आणि कुसे पायमोज्यांसाठी, असे मी माझ्यापुरते लक्षात ठेवले आहे. एक जोमदार झाड एका हंगामात अशी हजारो बिया सोडते. मोकळ्यावर ती २ ते ३ मीटर वाढते आणि आधार मिळाला तर शेजारच्या झाडावर रेलत आणखी वर जाते. वनस्पतिशास्त्रज्ञ तिला कधी बहुवर्षायू शाकीय वनस्पती म्हणतात, तर कधी झुडूप. बुडाशी लाकूड आणि वर कोवळा हिरवा पसारा, असा तिचा प्रकार असल्यामुळे दोघांचेही बरोबर आहे.

१८४० च्या दशकात ती कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात शोभेची म्हणून वाढत होती. पुढे दक्षिण आणि आग्नेय आशियात ती जी पसरली, त्या वाणाचे जनुकीय नाते कॅरिबियनमधल्या त्रिनिदाद आणि टोबॅगो या बेटांवरच्या झाडांशी जुळते, असे अभ्यासकांना आढळले आहे. ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. ज्या वनस्पतीने पॅसिफिकमधल्या बेटांना जेरीस आणले, ती स्वतः बेटावरचीच लेक निघाली. त्रिनिदादमध्ये मात्र तिचे कोणी फारसे मनावर घेत नाही, कारण तिथे तिची पाने कुरतडणारे, शेंडे पोखरणारे आणि फुले खाणारे किडे पिढ्यान्‌पिढ्या तिच्या अंगाखांद्यावर जगत आले आहेत. समुद्र ओलांडताना तिने माहेरची ही सगळी मंडळी मागे सोडली.

पॅसिफिकमधल्या ग्वाम बेटावर तिची नोंद १९६३ मध्ये झाली आणि त्यानंतर मरियाना द्वीपसमूहातल्या रोटा, टिनियन आणि सायपान या बेटांवर, तसेच पलाऊ आणि मायक्रोनेशियातही ती पोचली. गर्द सावली तिला सोसत नाही. तिला हवी असते उघडी पडलेली जमीन, आणि बेटांवर अशी जमीन तयार करणाऱ्या गोष्टींची वाण नसते. तुफानाने झाडे झोपवली, वणव्याने गवत जाळले, रस्त्यासाठी टेकडी खरवडली, की त्या उजेडात पहिली हीच. हवाईतल्या ओआहू बेटावर तर ती २०११ मध्ये काहुकू येथील लष्करी प्रशिक्षण क्षेत्रात सापडली. जिथे गाड्या, बूट आणि सामान सतत जागा बदलते, तिथे कुसे असलेल्या बियांना वेगळे वाहन शोधावे लागत नाही.

तोडली तर ती बुडापासून पुन्हा फुटते. जाळली तर आणखी पंचाईत, कारण तिच्या वाळलेल्या काड्या झटकन पेटतात, आग जंगलाच्या कडेला खाऊन जाते आणि पुढच्या पावसात मोकळ्या झालेल्या त्या पट्ट्यात तिचेच फुटवे उभे राहतात. कोवळ्या पानांत नायट्रेट इतके असते की ती खाल्लेली गुरे दगावू शकतात. लहान बेटावर चराऊ कुरण किंवा भाजीचा मळा गेला, तर त्याऐवजी पलीकडची जमीन घेऊ असे म्हणता येत नाही, कारण पलीकडे समुद्र असतो. एक मात्र तिच्या बाजूने सांगितले पाहिजे. जखमेवर तिचा पाला चुरगळून लावला की रक्त थांबते, हा अनुभव आशियातल्या अनेक समाजांनी गाठीशी बांधला आहे. माणसे शेतातून तिला उपटतात आणि विळा लागला की तिच्याकडेच जातात, यात मला विसंगती दिसत नाही.

तिच्याविरुद्धचा खरा प्रयत्न सुरू झाला तो माहेरची मंडळी बोलावण्यापासून. १९८५ मध्ये कीटकशास्त्रज्ञ आर. मुनियप्पन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्वामवर पारेयूकीटस स्यूडोइन्सुलाटा हा पतंग आणला. त्याच्या अळ्या दिवसा खालच्या पालापाचोळ्यात दडतात आणि रात्री वर चढून पाने फस्त करतात. ग्वामवर त्यांनी रानमोडीचे मोठमोठे पट्टे निष्पर्ण केले आणि शेजारच्या मरियाना बेटांवरही त्या रुजल्या. पण याच पतंगाने अन्यत्र अनेक ठिकाणी निराशा केली. सोडल्यावर तो टिकलाच नाही, किंवा एखाद्या कोपऱ्यात तग धरून राहिला. पाचोळ्यातल्या अळ्या मुंग्यांच्या आयत्याच हाती लागतात. शिवाय वनस्पतीही गप्प बसत नाही. अळ्यांनी खाल्लेल्या झाडाची पाने पिवळी पडतात, आणि अशी पिवळी पाने अळ्यांना पोसत नाहीत. एकाच जातीचा कीटक एका बेटावर विजयी ठरतो आणि दुसऱ्यावर नाहीसा होतो, हे वाचल्यापासून ‘अमुक उपाय हमखास’ या वाक्यावरचा माझा विश्वास बराच कमी झाला आहे.

म्हणूनच मला त्यानंतर आलेली सेसिडोकॅरिस कोनेक्सा ही लहानशी माशी अधिक आवडते. कोलंबियातून ती इंडोनेशियात आणली गेली, तिथे तपासणीनंतर १९९५ मध्ये सुमात्रा बेटावर सोडली गेली, आणि पुढे पापुआ न्यू गिनीत २००१ मध्ये व पूर्व तिमोरमध्ये २००५ मध्ये पोचली. पतंगाच्या अळीसारखा हिचा कारभार उघड्यावर चालत नाही. मादी शेंड्याच्या कळीत अंडी घालते, अळ्या खोडात शिरतात आणि त्या जागी खोड फुगून गाठ तयार होते. झाडाने वाढीसाठी आणि फुलांसाठी राखलेला रस त्या गाठीत जिरतो. फांद्या खुरटतात, फुले कमी लागतात, बिया घटतात. झाड एका रात्रीत मरत नाही, आणि दुरून पाहणाऱ्याला काही घडले आहे असेही वाटत नाही. तरीही पापुआ न्यू गिनीत गाठींचे प्रमाण जिथे वाढले, तिथे तणाचा जोर ओसरला आणि लोकांना मळ्यांसाठी जमीन पुन्हा मोकळी करता आली. ऑस्ट्रेलियाच्या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन केंद्राच्या साहाय्याने हे काम तिथे वर्षानुवर्षे चालले होते.

गाठीतली अळी कोषात जाण्याआधी आतून खोड कोरत सालीपर्यंत येते आणि तिथे पापुद्र्याएवढी पातळ एक गोल खिडकी राखते. कोषातून निघालेल्या माशीला पोखरणारे जबडे नसतात. तिला तो पापुद्रा ढकलूनच बाहेर पडावे लागते. बाहेर पडल्यावर तिला पुन्हा रानमोडीचाच शेंडा शोधायचा असतो, कारण दुसऱ्या झाडांवर तिचा संसार सहसा चालत नाही.