ओकची पेटी

पेटीच्या तळाला आतून लाल लोकरी बनात चिकटवलेली होती. एका कोपऱ्यात ती सुटली होती. नमुना तिथूनच घ्यावा म्हणून चिमट्याने उचलली, तर खाली बोटभर रुंदीचं एक भोक. लाकडी खुंटी ठोकून बुजवलेलं, भोवती हिरवट कडं. मी ते वहीत लिहून ठेवलं आणि पुढच्या कामाला लागले.

मी लाकूड ओळखते. पुण्यात, एका खासगी प्रयोगशाळेत. दहातली नऊ प्रकरणं दाराच्या चौकटींची असतात. बिल बर्मा सागाचं आणि चौकट आफ्रिकेतल्या आयरोकोची. आमचा अहवालाचा फॉर्मही अशा भांडणांसाठीच बनलाय. शेवटच्या रकान्यात विचारतो: 'नमुना दाव्याशी जुळतो का? होय / नाही.' तिसरा पर्याय नाही. तो असावा असं मी दोनदा लेखी मागितलं. ग्राहकाला गोंधळ नको, असं उत्तर आलं.

पेटी घेऊन आलेले गृहस्थ रत्नागिरीकडचे, साठीच्या पुढचे. वडील बोटीवर खलाशी होते. १९५१ साली लंडनजवळच्या टिलबरीच्या गोदीत त्यांनी ही पेटी विकत घेतली. झाकणावर पितळी पट्टी होती: वेलस्ली, मुंबईत बांधलेलं जहाज, १८१५. "आई एक्क्याण्णव वर्षांची आहे, ताई. अजून रोज पुसते. मुंबईचा साग विलायत फिरून घरी आला, असं बाबा सांगायचे."

वेलस्ली हे नाव मला कुणी शिकवायला नको. माझं माहेर भोकरदन तालुक्यातलं, असईच्या जवळ. २३ सप्टेंबर १८०३ ला केळणा नदी ओलांडून आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला तेच गाव. बारा वर्षांनी त्याच्याच नावाची ७४ तोफांची युद्धनौका जमशेटजी बोमनजी वाडियांनी मुंबईच्या गोदीत बांधून पाण्यात सोडली. त्याने नेपोलियनला हरवलं त्या वॉटर्लूच्या लढाईला तेव्हा अजून चार महिने होते.

नमुना आगपेटीच्या काडीएवढा. पाण्यात उकळून मऊ केला, मायक्रोटोम या पातळ छेद घेणाऱ्या यंत्रावर तीन दिशांनी कापला, सॅफ्रानिनने रंगवला. या कामात मी घाई करत नाही. छेद वीस मायक्रॉनचा यायला हवा. पातं जरा बोथट असेल तर पेशी फाटतात, आणि फाटलेल्या पेशी बघून मत देणारे लोक मी पाहिलेत. सागात वर्षवलयाच्या सुरुवातीला मोठ्या वाहिन्यांची रांग असते, सोबत फिकट पेशींचा पट्टा, काही वाहिन्यांत पांढरट-पिवळा साका. ताजा काप हाताला तेलकट लागतो, वास जुन्या चामड्यासारखा. ओकमध्येही मोठ्या वाहिन्यांची रांग असते, पण पुढे बारीक वाहिन्या ज्योतीसारख्या वर निमुळत्या होत जातात. आणि किरण, म्हणजे गाभ्याकडून सालीकडे जाणारे पेशींचे पट्टे! ओकचे रुंद किरण नुसत्या डोळ्यांनाही दिसतात. इथे ते दिसत होते. शंकेला जागाच नव्हती.

ते अहवाल न्यायला आले तेव्हा मी सांगितलं, लाकूड ओक आहे, साग नाही. 'नाही'वर खूण केलेली होतीच.

"म्हणजे बाबांना कुणीतरी फसवलं?"

"तसंच दिसतंय," मी म्हणाले.

ते काही बोलले नाहीत. पेटी टॉवेलात गुंडाळली आणि गेले.

रात्री त्या जहाजाबद्दल वाचायला बसले, ते केवळ गावाच्या ओढीने. खरं तर वाचायचं आधी होतं. वेलस्लीसाठी ठरलेले आराखडे जावा नावाच्या जहाजाबरोबर गेले. १८१२ च्या डिसेंबरात अमेरिकनांनी ते पकडून जाळलं. मग मुंबईत नुकत्याच बांधलेल्या कॉर्नवॉलिसच्या धर्तीवर हे बांधलं गेलं. नेपोलियनने ज्याच्या जहाजावर शरणागती पत्करली तो मेटलंड पुढे ॲडमिरल झाला आणि १८३९ साली मुंबईच्या जवळ, याच वेलस्लीवर वारला. त्याच वर्षी या जहाजाच्या तोफांनी कराची घेतली. पुढे चीनचं युद्ध, तिथे २७ गोळे कुशीत रुतले. १८६८ पासून नाव बदलून कॉर्नवॉल, टेम्स नदीत नांगरलेलं मुलांचं सुधारगृह. २४ सप्टेंबर १९४० ला जर्मन विमानांच्या बाँबहल्ल्यात बुडालं. १९४८ मध्ये वर काढलं आणि फोडलं. कुठे, तर टिलबरीला.

टिलबरी वाचलं आणि वही उघडली.

सव्वाशे वर्षं हे जहाज पाण्यावर होतं, त्यातली निम्म्याहून जास्त इंग्लंडच्या नदीत. तिथल्या गोद्यांमध्ये दुरुस्तीचं नेहमीचं लाकूड ओक. मुंबईला बांधलेल्या जहाजात ओकची फळी असणं यात नवल काहीच नाही. आणि ते हिरवं कडं तांब्याचं. तळाला तांब्याचे पत्रे ठोकलेल्या जहाजात पाण्याखाली लोखंडी बोल्ट टिकत नाहीत, म्हणून तांब्याचे घालत. लोखंड असतं तर ओकमधल्या टॅनिनमुळे डाग काळा-निळा पडला असता. घराच्या तुळईत कोण एवढा जाड तांब्याचा बोल्ट घालतो? ती फळी कुठल्यातरी जहाजाची असण्याचीच शक्यता जास्त. याच जहाजाची का, ते लाकूड सांगू शकत नाही. वय काढावं म्हटलं तर साधारण १६५० ते १९५० या काळात कार्बनच्या मोजणीला नेमकं साल सापडत नाही, आणि वलयं मोजायला पेटीची फळी फार अरुंद.

नमुना ओकचा, हे बरोबर होतं. 'तसंच दिसतंय' हे मला दिसलं नव्हतं.

सकाळी फोन केला. सगळं सांगितलं, भोकाचंही. ते बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, "आईला कालच सांगून टाकलं, ताई. तिने पेटी कपाटावरून काढून माळ्यावर ठेवायला लावली. आता परत काय सांगू?"

दुसरा अहवाल मी फॉर्मवर लिहिला नाही. साध्या कागदावर लिहिला, थोरल्या ठशात, म्हणजे त्यांच्या आईंना स्वतः वाचता येईल: लाकूड ओक आहे. तळाला तांब्याच्या बोल्टचं भोक आहे, ते जहाजाच्या फळीत असतं तसं आहे. मुंबईत बांधलेल्या जहाजाच्या दुरुस्तीत ओक वापरलेला असू शकतो. पेटी खोटी आहे असं म्हणायला आधार नाही; मी तसं म्हणाले ती माझी चूक. खाली सही केली आणि भोकाचा फोटो जोडला.

कुरिअर पोचल्याचा मेसेज मंगळवारी आला. त्यांचा फोन अजून आलेला नाही.