हातचा एक

हातचं राखून बोलणारा माणूस आपल्याला फारसा रुचत नाही. आकडेमोडीत मात्र हातचा राखल्याशिवाय पाऊल पुढे पडत नाही. सात नि आठ पंधरा, पंधराचे पाच, हातचा एक. हा एक धड मागच्या घरात नसतो, धड पुढच्या घरात पोचलेला नसतो. उंबरठ्यावर ताटकळत असतो. मोठ्या संख्यांची गणितं चुकतात ती बहुतेक या उंबरठ्यावर. उरलेली चुकतात शून्यापाशी.

एरवी मोठ्या संख्येला भ्यावं असं तिच्यात काही नाही. पंधरा आकड्यांना पंधरा आकड्यांनी गुणायला बसलं तरी पाढा नव नव्वे एक्क्याऐंशीच्या पुढे जात नाही. पावकी, दिडकी, औटकी या पाव, दीड, साडेतीनच्या पाढ्यांची तर गरजच नाही. कोणता आकडा कोणत्या घरात मांडायचा, एवढंच काय ते सांभाळायचं.

दोन संख्यांच्या बेरजेत हातचा कधीही एकाच्या वर जात नाही, मग त्या दोन आकडी असोत की दोनशे आकडी. नऊ नि नऊ अठरा, त्यात मागचा एक मिळवला तरी एकोणीस. तीन रकमा असतील तर हातचे फार तर दोन, दहा असतील तर नऊ. म्हणजे पाच ओळींच्या बेरजेत हातचे पाच आले, की पेन्सिल तिथेच थांबवावी. पंचवीस-तीस ओळींची लांबलचक यादी असेल तर हातचा तोंडी ठेवूच नये. प्रत्येक घराची बेरीज वेगळी करावी, एकेक घर डावीकडे सरकवत खाली लिहावी आणि शेवटी या बेरजांची बेरीज करावी. मध्येच दारावरची बेल वाजली तर एकच घर पुन्हा करावं लागतं. पडताळताना खालून वर जावं. पुन्हा वरून खाली गेलं, तर सात नि सहा चौदा म्हणणारी जीभ दुसऱ्यांदाही चौदाच म्हणते.

वजाबाकीत खरा छळ शून्यांचा. ४०,००३ मधून १७,८४६ वजा करायचे. तिनातून सहा जात नाहीत. शेजारी मागावं तर शून्य, पलीकडेही शून्य, त्याच्याही पलीकडे शून्य. तीन रिकाम्या घरांच्या कड्या वाजवून चारापर्यंत जायचं, चाराचे तीन करायचे आणि परत येताना वाटेतल्या प्रत्येक शून्याचे नऊ. यातलं काहीतरी एक राहतंच, बहुधा चाराचे तीन करायचे. यावर एक जुनी रीत आहे, तिच्यात शेजाऱ्याकडे जायचंच नाही. तेरातून सहा गेले सात, हातचा एक. चार नि एक पाच, दहातून पाच गेले पाच, हातचा एक. वरच्याला दहा दिले की खालच्या पुढच्या घरात एक मिळवायचा, फरक तोच राहतो. ही रीत मागे पडली याचं वाईट वाटतं. शेजाऱ्याकडून मागून 'दशक सुटा करणे' समजावून सांगायला बरं, पण हाताला ही रीत जास्त सुखाची. याहून आळशी युक्ती हवी असेल तर ४०,००३ म्हणजे ३९,९९९ आणि वर चार. ३९,९९९ मधून १७,८४६ गेले २२,१५३, कुठेच उसनं मागावं लागलं नाही. त्यात चार मिळवले की २२,१५७.

गुणाकाराचा हातचा जरा वजनदार, आठापर्यंत जातो. तो गुणून झाल्यावर मिळवायचा, आधी नाही. ७,३४६ ला ५०८ ने गुणू. आठ सख अठ्ठेचाळीस, हातचे चार. आठ चोक बत्तीस नि चार छत्तीस. असं करत पहिली ओळ ५८,७६८. मग पाचाची ओळ, ३६,७३०. ती कुठून सुरू करायची? मधल्या शून्याने गुणून काही येत नाही म्हणून ते सोडून द्यायचं, पण त्याचं घर सोडायचं नाही. एककाखाली एक फुली, दशकाखाली एक फुली, आणि मग शतकाच्या घरापासून ३६,७३०. उत्तर ३७,३१,७६८. एक फुली विसरली की ४,२६,०६८.

हेच उलटं फिरवून भागाकार करा, शून्य पुन्हा तिथेच दबा धरून बसलेलं. ३७,३१,७६८ भागिले ७,३४६. पहिले पाच आकडे घेतले, पाचाचा भाग लागला, बाकी ५८७. सहा खाली उतरवला, झाले ५,८७६. भाग जात नाही. इथे घाईने आठही खाली उतरवतात, ५८,७६८ ला आठाचा भाग नेमका लागतो, बाकी शून्य उरते आणि ५८ हे उत्तर मोठ्या दिमाखात लिहिलं जातं. आकडा खाली उतरवला की वर काहीतरी लिहायलाच हवं. भाग जात नसेल तर शून्य. याचा बंदोबस्त पहिल्याच पायरीला करता येतो. भाज्याचे पाच आकडे घेतले, दोन उरले, म्हणजे उत्तर तीन आकडी. तीन टिंबं देऊन ठेवावीत.

आता ताळा, म्हणजे उत्तराची पडताळणी. नवाचा ताळा पुष्कळांना येतो. ७,३४६ च्या अंकांची बेरीज २०, तिचे २. ५०८ चे १३, म्हणजे ४. दोन चोक आठ. ३७,३१,७६८ चे ३५, म्हणजे ८. जुळलं. पण फुली विसरलेल्या ४,२६,०६८ चे २६ होतात आणि त्याचेही ८! नवाच्या ताळ्याला घरं दिसतच नाहीत. शून्य गळलं, ओळ सरकली, दोन अंकांची अदलाबदल झाली, त्याला सगळं सारखंच. तिथे अकराचा ताळा लागतो: उजवीकडून एक अंक मिळवायचा, एक वजा करायचा. बरोबर उत्तराचे येतात ७. चुकलेल्याचे उणे ६, म्हणजे अकरा मिळवून ५. चोर सापडला. अर्थात सात हजार गुणिले पाचशे म्हणजे पस्तीस लाख, एवढा अंदाज आधी बांधला असता तर चार लाख बघूनच हसू आलं असतं.

अदलाबदलीची खोड मराठी कानाला जरा जास्तच. त्रेपन्न म्हणताना तीन आधी येतो, लिहिताना पाच. कुणी रकमा वाचून दाखवतो आणि लिहिणारा घाईत ३५ लिहून मोकळा होतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' अशी वाचनाची रीत आली तेव्हा केवढा गदारोळ उठला होता. पण अडचण खोटी नव्हती. हिशेबनीस नवाचा तोच दोष उलटा वापरतात. तेरीज, म्हणजे जमा आणि नावे बाजूंच्या बेरजा, जुळत नसेल तर फरकाला नवाने भागायचं. फरक १८ आला, नवाने भागून २, तर शेजारच्या ज्या दोन अंकांत दोनाचा फरक आहे अशा रकमा आधी शोधायच्या. ५३ आणि ३५ तिथेच सापडतात. फरक नुसताच सम असेल तर त्याची निमपट शोधायची, कारण जमेची रक्कम नावे पडली की फरक दुप्पट दिसतो.

यंत्र आहे की, असं म्हणाल. एक्सेलमध्ये सोळा आकडी संख्या साध्या आकड्यांत टाइप करून बघा. पंधरा आकडे टिकतात, सोळाव्याच्या जागी मुकाट्याने शून्य बसतं. इशारा नाही, काही नाही.

दोनाचा सदुसष्टावा घात उणे एक, म्हणजे १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. परार्धाच्याही (एकावर सतरा शून्यं) पुढची, पावणेपंधराशे परार्धांची संख्या. फ्रेंच गणिती मर्सेनने १६४४ मध्ये तिला मूळ संख्या ठरवलं होतं. ऑक्टोबर १९०३ मध्ये न्यूयॉर्कला अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बैठकीत अमेरिकन गणिती फ्रँक नेल्सन कोल फळ्यापाशी गेले आणि, म्हणे, एक शब्द न बोलता त्यांनी १९,३७,०७,७२१ ला ७,६१,८३,८२,५७,२८७ ने गुणून तीच संख्या काढून दाखवली. नऊ आकडे गुणिले बारा आकडे. म्हणजे एकेका आकड्याचे एकशे आठ गुणाकार, अख्खी जपमाळ. ताळा पाहायचा तर पहिल्या संख्येच्या अंकांची बेरीज ३७, दुसरीच्या ६४, उत्तराच्या १०९. ३७ चे दहा, दहाचा एक. ६४ चे दहा, दहाचा एक. १०९ चेही दहा, दहाचा एक. एक एके एक.