चुंबक पडला आणि दिवा लागला

दहावीच्या विज्ञानात विद्युतचुंबकीय प्रवर्तन येतं, म्हणजे बदलत्या चुंबकत्वातून वीज तयार होणं. भाचीला व्याख्या तोंडपाठ होती, पण तक्रार एकच: "मामा, दिसत तर काहीच नाही!" शाळेत गॅल्व्हानोमीटरची, म्हणजे अगदी कमी वीजही दाखवणाऱ्या उपकरणाची, सुई जेमतेम हलली होती म्हणे. म्हटलं, मग दिवाच लावू.

मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून 36 गेजची इनॅमल वायर आणली, शिवणाच्या दोऱ्याइतकी बारीक. प्लास्टिकच्या नळीवर पुठ्ठ्याच्या दोन चकत्या चिकटवून मध्ये तार गुंडाळायला घेतली. ओढली की तुटते, सैल सोडली की वेढे घसरतात. सुमारे 1500 वेढे झाले. 'सुमारे' अशासाठी, की 700च्या पुढे मोजण्यावरून आमचं भांडण झालं. दोन्ही टोकांचं वार्निश पॉलिश पेपरने लालसर तांबं दिसेपर्यंत खरवडलं. हे नीट केलं नाही तर जोड दिसायला पक्का, पण वीज जात नाही. मल्टिमीटरने सत्तरेक ओहम दाखवले, म्हणजे तार सलग होती.

टोकांना दोन एलईडी उलटसुलट जोडले, एक लाल, एक पिवळा. एकाचा लांब पाय दुसऱ्याच्या आखूड पायाला. एलईडी वीज एकाच दिशेने जाऊ देतो, त्यामुळे धारेची दिशा रंगावरून कळते. पांढरा मुद्दाम घेतला नाही. त्याला तीनेक व्होल्ट लागतात, लाल-पिवळ्याचं दोनाच्या आसपास भागतं.

निओडायमियमचा चुंबक हळूच आत सरकवला. काही नाही. मधोमध ठेवून दिला, तरी काही नाही. भाचीचा चेहरा पडला, पण खरी गोष्ट इथेच आहे. चुंबक कितीही जोरदार असो, कॉइलमधला, म्हणजे तारेच्या वेढ्यांमधला, चुंबकीय प्रवाह (त्यातून जाणाऱ्या चुंबकीय रेषा) बदलत नसेल तर वीज शून्य, आणि सावकाश बदलला तर एलईडी पेटण्याइतका व्होल्टेज तयार होत नाही. 1825 मध्ये जिनिव्हात कोलॅडॉन नावाच्या शास्त्रज्ञाने हाच प्रयोग केला. चुंबकाचा सुईवर थेट परिणाम नको म्हणून त्याने गॅल्व्हानोमीटर दुसऱ्या खोलीत ठेवला होता. तो चालत तिथे पोहोचेपर्यंत सुई शून्यावर परतलेली! हा शोध 1831 मध्ये फॅरेडेच्या नावावर गेला. बिचारा कोलॅडॉन. एखादा मदतनीस हवा होता त्याला.

मग नळी उभी धरली, खाली उशी ठेवली आणि चुंबक वरून सोडून दिला. लखकन उजेड! नुसत्या डोळ्यांना दोन्ही दिवे एकदमच लागल्यासारखे वाटले, म्हणून खोलीत अंधार करून मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शूटिंग घेतलं. चुंबक कॉइलमध्ये शिरताना लाल, मध्यावर क्षणभर काळोख, बाहेर पडताना पिवळा. आत जाताना चुंबकीय प्रवाह वाढतो, बाहेर पडताना घटतो, म्हणून धारा उलटते. घरातल्या विजेची दिशाही अशीच उलटते, सेकंदाला 100 वेळा.

"चुंबक उलटा टाकला तर?" भाचीने विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता टाकलासुद्धा. आधी पिवळा, मग लाल.