कम्युनिटी कॉलेजातून नर्सिंगला: माझी आखणी

मामानं आमची ग्रीन कार्डाची फाईल टाकली तेव्हा मी अंगणवाडीतही जात नव्हते. नंबर लागेपर्यंत सांगलीत माझी बारावी सायन्स होऊन गेली होती. २०२२ च्या उन्हाळ्यात आम्ही कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉन्टला आलो. नर्सिंग करायचं हे मात्र तिकडेच ठरलं होतं. आजीच्या शेवटच्या आजारपणात मिरजेच्या हॉस्पिटलात रात्रपाळीच्या सिस्टर तिला किती जपून कुशीवर वळवायच्या, ते मी पाहिलं होतं.

आमच्या खिशाला परवडणारा रस्ता एकच होता: पहिली दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज, म्हणजे इथलं दोन वर्षांचं सरकारी कॉलेज, मग ट्रान्सफर घेऊन कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या (सीएसयू) एखाद्या कॅम्पसवर बीएसएन, म्हणजे नर्सिंगची पदवी. आता मी तिथे शिकते आहे. ओळखीच्या घरांतून फोन येतात, "आमच्या मुलीनं पहिल्या टर्मला काय घ्यावं?" म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहिते.

आधी पैशाचं. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजात एका युनिटला (कोर्स मोजायचं माप) ४६ डॉलर पडतात, बाहेरच्याला त्याच्या कित्येक पट. रहिवासी ठरायचं तर टर्म सुरू होण्याआधी राज्यात एका वर्षाहून जास्त काळ राहिलेलं असावं लागतं. त्यामुळे पहिलं वर्ष मी कॉलेजात नाव घातलं नाही. अ‍ॅडल्ट स्कूलमधून सीएनएचा, म्हणजे नर्सच्या मदतनिसाचा, कोर्स केला आणि एका नर्सिंग होममध्ये कामाला लागले. घरात सगळ्यांना वाटत होतं की वर्ष वाया चाललंय. पण म्हाताऱ्या माणसांना आंघोळ घालणं, भरवणं, पलंगावरून खुर्चीत बसवणं हे सगळं त्या वर्षात हातात बसलं, आणि हा अनुभव पुढे अर्जातही धरला गेला. २०२३ च्या फॉल टर्मला (ऑगस्टच्या सुमारास सुरू होणाऱ्या) नाव घातलं तेव्हा राज्याच्या प्रॉमिस ग्रँटमुळे युनिटची फी माफ झाली. ग्रीन कार्डामुळे फाफ्सा, म्हणजे केंद्र सरकारच्या शिक्षण-मदतीचा अर्ज, भरता आला, आणि त्यातून मिळालेल्या पेल ग्रँटमधून पुस्तकं नि बसपास निघाला.

आता मुद्द्याचं. ही आखणी शेवटाकडून करायची असते. पहिल्या टर्मला काय घ्यायचं हे पहिल्या टर्मकडे बघून कळतच नाही. मामीनं मला जेवणाच्या टेबलावर बसवलं आणि म्हणाली, "आधी कुठे जायचंय त्यांच्या याद्या काढ." तिनं स्वतः इथे येऊन डेंटल हायजीन केलेलं, त्यामुळे तिला सगळं माहीत. घरून ये-जा करता येईल अशा कॅम्पसांच्या नर्सिंगच्या पानांवरून मी पूर्वअटींचे विषय उतरवून घेतले. अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी, तिन्ही लॅबसकट, आणि केमिस्ट्री सगळीकडे होतंच. इंग्रजी लेखन, भाषण, क्रिटिकल थिंकिंग आणि गणित या चार गोष्टीही सगळीकडे. इथे त्यांना 'गोल्डन फोर' म्हणतात. गणितात नर्सिंगवाल्यांना बहुधा स्टॅटिस्टिक्सच हवं असतं. फरक बारीक गोष्टींत होता. एकाला सायकॉलॉजी हवं, दुसऱ्याला न्यूट्रिशन. कुणाला सायन्सचे विषय ठरावीक वर्षांच्या आतले लागतात, कुणी ऑनलाइन लॅब चालवून घेत नाही.

आपल्या कॉलेजचा कुठला कोर्स कुठल्या कॅम्पसवर धरला जातो, ते असिस्ट या सरकारी साइटवर दिसतं. कॅलिफोर्नियात ११६ कम्युनिटी कॉलेजं आहेत आणि सगळ्यांचा हिशेब तिथे एका जागी मिळतो. वर्ष मात्र बघून घ्यावं, कारण कॉलेज आणि कॅम्पस यांच्यातले हे करार वर्षागणिक बदलतात. सर्वसाधारण विषयांसाठी मी आयगेट्सी या ठरावीक विषयांच्या जुन्या साच्यात बसले. २०२५ च्या फॉलपासून नव्या मुलांना कॅलगेट्सी हा नवा साचा लागू झालाय, तेव्हा माझी यादी जशीच्या तशी उचलू नका.

काउन्सेलरकडे मी ही यादी घेऊनच गेले. त्यांनी एज्युकेशनल प्लॅन बनवून दिला, तो फाइल झाल्यामुळे रजिस्ट्रेशनची तारीखही लवकरची मिळाली. पण त्यांच्यासमोर दिवसभर मुलं येत असतात. माझ्या कॅम्पसांमधला बारीक फरक लक्षात ठेवणं हे माझंच काम, असं मी धरून चालले. मागच्या ट्रान्सफर झालेल्या मुलींशी बोलल्यावर तेच योग्य वाटतं.

खरी गाठ सायन्सच्या साखळीत असते. आमच्याकडे केमिस्ट्री झाल्याशिवाय मायक्रो नाही, अ‍ॅनाटॉमी आणि केमिस्ट्री झाल्याशिवाय फिजिऑलॉजी नाही. पुढच्या फॉलसाठीचे अर्ज आदल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भरायचे असतात, आणि काही ठिकाणी सायन्स तोवर किंवा त्या डिसेंबरपर्यंत संपलेलं लागतं. म्हणजे कागदावर दोन वर्षं दिसली तरी सायन्सला हातात तीन टर्म आणि एक उन्हाळा. हे गणित मांडल्याशिवाय जी मुलं "आधी सोपे विषय उरकू" म्हणून समाजशास्त्र आणि इतिहासापासून सुरू करतात, त्यांचं आख्खं एक वर्ष पुढे सरकतं. मला हे फार कळकळीनं सांगावंसं वाटतं, कारण हुशार मुलींचं असं झालेलं मी पाहिलंय.

माझी मांडणी अशी होती: पहिल्या फॉलला केमिस्ट्री आणि इंग्रजी, स्प्रिंगला अ‍ॅनाटॉमी आणि स्टॅटिस्टिक्स, उन्हाळ्यात मायक्रो, दुसऱ्या फॉलला फिजिऑलॉजी आणि क्रिटिकल थिंकिंग, बाकीचं उरलेल्या जागांत. उन्हाळ्यातलं मायक्रो आमच्या कॉलेजात भरून गेलं होतं. मग शेजारच्या डिस्ट्रिक्टच्या कॉलेजात वेगळा अर्ज केला आणि केमिस्ट्रीचं ट्रान्सक्रिप्ट पाठवून पूर्वअट मंजूर करून घेतली. या मंजुरीला वेळ लागतो. रजिस्ट्रेशन उघडायच्या आधीच ती हातात असावी, नाहीतर डोळ्यांदेखत जागा जातात. डी अँझासारख्या क्वार्टरच्या (सेमिस्टरऐवजी छोट्या टर्म असलेल्या) कॉलेजातही जागा होत्या, पण तिथे अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी एकत्र, तीन क्वार्टरमध्ये विभागलेली असते. अशी मालिका एका ठिकाणी सुरू करून दुसरीकडे संपवायला जाऊ नये. शिवाय तिथली ९० युनिट म्हणजे सेमिस्टरची ६०, हाही हिशेब ठेवावा लागतो.

अ‍ॅनाटॉमीच्या प्रॅक्टिकलबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. टेबलांवर हाडं, मॉडेल, स्लाइड मांडलेल्या, प्रत्येकावर टाचणी किंवा रंगीत ठिपका. घंटा झाली की पुढच्या टेबलावर सरकायचं. मांडीचं हाड समोर आलं तर नुसतं 'फीमर' लिहून चालत नाही, डावं की उजवं तेही हवं. मी लॅब उघडी असेल तेव्हा जाऊन ते हाड हातात घ्यायचे: गोल डोकं आतल्या बाजूला, पाठीमागची खरबरीत कड मागे, मग आपल्याच पायाशेजारी धरून बघायचं. पुस्तकातल्या चित्रावरून हे येत नाही. मायक्रोतही तेच. ग्रॅम स्टेन, म्हणजे जंतू रंगवून ओळखायची रीत, करताना अल्कोहोल जरा जास्त वेळ राहिलं की जांभळे दिसायला हवेत ते जंतू गुलाबी दिसतात, आणि मग अनोळखी जंतू ओळखायचा सगळा अहवालच चुकतो.

म्हणून लॅबचे दोन विषय मी एका टर्ममध्ये घेतले नाहीत आणि कामाचे तास शनिवार-रविवारवर आणले. प्रवेशासाठी लिहिलेली किमान ग्रेड आणि प्रत्यक्षात प्रवेश मिळणाऱ्यांची ग्रेड यात मोठी दरी असते, कारण सीएसयूच्या नर्सिंग असलेल्या कॅम्पसवर जागांपेक्षा अर्ज जास्त येतात. विषय पुन्हा देण्यावरही बऱ्याच ठिकाणी मर्यादा आहे. एक विषय कमी घ्या, पण सायन्समध्ये ए आणा, असंच मी सगळ्यांना सांगते.

टीस ही नर्सिंगच्या प्रवेशाची परीक्षा मी फिजिऑलॉजी चालू असतानाच दिली: १७० प्रश्न, २०९ मिनिटं. वाचन, गणित, विज्ञान, इंग्रजी असे भाग असतात. विज्ञानात शरीररचनेवर भर असल्यामुळे तेव्हाच देणं सोयीचं गेलं.

बीएसएनबरोबर मी कम्युनिटी कॉलेजांच्या एडीएनलाही, म्हणजे नर्सिंगच्या छोट्या पदवीलाही, अर्ज केले. दोन्हीकडून शेवटी परीक्षा तीच, नर्सच्या लायसन्सची एनक्लेक्स-आरएन, आणि लायसन्सही तेच. बीएसएन नंतरही करता येतं. त्यामुळे एडीएनला कमी लेखू नये. जिथे अर्जदार गुणांकनानं निवडतात, तिथे शिक्षण, ग्रेड, कामाचा अनुभव यांच्याबरोबर इंग्रजीशिवाय येणाऱ्या भाषेचेही गुण धरता येतात, आणि राज्याच्या कायद्यातल्या यादीत भारतीय उपखंडातल्या भाषा आहेत. मराठी लिहिता-बोलता येत असेल तर पुरावा काय लागतो ते कॉलेजला आधीच विचारा. आपली मुलं हा रकाना रिकामा सोडतात.

वसंतात दोन ठिकाणांहून नकार आला, एका कॅम्पसवरून होकार. त्या दिवशी बाबा दुकानातून लवकर घरी आले आणि मामानं सगळ्यांना बाहेर जेवायला नेलं.

होकारानंतर कागदपत्रांची दुसरी फेरी असते, तीही डोळ्यांसमोर ठेवा. अंतिम ट्रान्सक्रिप्ट, पार्श्वभूमीची तपासणी, बीएलएस (जीव वाचवण्याच्या प्राथमिक उपचारांचं प्रमाणपत्र), आणि लसीकरणाचे पुरावे. गोवर, कांजिण्या, हिपॅटायटिस बी यांच्या जुन्या नोंदी नसतील तर रक्तातली प्रतिकारशक्ती तपासून घेता येते. क्षयाची तपासणीही लागतेच. आपल्या दंडावर जन्मल्यावर दिलेल्या बीसीजीची खूण असते, आणि त्या लसीमुळे कातडीवरची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. क्लिनिकमध्ये गेल्या गेल्या बीसीजी झाल्याचं सांगा आणि रक्ताची चाचणी चालेल का ते विचारा.